एका सालात कोंडलेले चर्च

दक्षिण वेल्समधले, लखर नदीकाठचे संत टायलोचे मध्ययुगीन चर्च ओस पडले होते. १९८४ साली त्याच्या चुन्याखाली भित्तिचित्रे सापडली. पुढे दगड अन् दगड उतरवून सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात ते पुन्हा उभारले गेले. २००७ साली खुले झाले ते १५३०च्या सुमाराच्या रूपात. मूळ चित्रे काढून जपली आहेत; भिंतींवर आहेत त्या प्रतिकृती.

काम निष्ठेचे आहे. माझा आक्षेप सालाच्या निवडीला आहे. धर्मसुधारणेनंतर याच भिंतींवर चुना चढला, वेल्श अक्षरे आली. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी ही चित्रे पाहिलीच नव्हती. चर्च मात्र त्यांचेही होते. निदान एका भिंतीवर तो चुना नि ती अक्षरे दाखवायला हवी होती.