इसाबेलचं उत्तर

स्पॅनिश सिनेमाच्या पेपरात मला ज्या उत्तराला सगळ्यात जास्त गुण मिळाले, ते उत्तर आज मला खोटं वाटतं.

प्रश्न होता व्हिक्टर एरिसे यांच्या १९७३च्या 'एल एस्पीरितू दे ला कोल्मेना' या सिनेमावर. 'पोळ्याचा आत्मा' असं आपण म्हणू. मी लिहिलं होतं : पोळं म्हणजे फ्रँकोचा स्पेन, मधमाश्या पाळणारा गप्प बाप म्हणजे हरलेले बुद्धिजीवी, राक्षस म्हणजे ज्यांना देशाने शत्रू ठरवलं ते लोक. सगळं जागच्या जागी. वर्गात आम्ही असंच शिकलो होतो. फ्रँको १९७५पर्यंत जिवंत होता, उघड बोलता येत नव्हतं, म्हणून कलावंत रूपकात बोलले. कुलूप दिसलं की किल्ली लावायची.

गोष्ट साधी आहे. १९४०च्या सुमाराचं कास्तियातलं एक खेडं. यादवी युद्ध संपून वर्षच झालंय. गावात फिरता सिनेमा येतो, 'फ्रँकेन्स्टाइन'. सहा-सात वर्षांची आना तो डोळे विस्फारून बघते. तळ्याकाठी राक्षस आणि एक लहान मुलगी फुलांशी खेळतायत. पुढच्या वेळी ती मुलगी दिसते तेव्हा बापाच्या हातांवर तिचं प्रेत असतं. मधलं काहीच नाही. आना शेजारी बसलेल्या बहिणीला, इसाबेलला, विचारते : त्याने तिला का मारलं?

हा प्रश्न तिला पडतो, कारण मधलं दृश्य तिला दिसलेलंच नाही. १९३१च्या मूळ सिनेमात राक्षस मुलीला खेळता खेळता पाण्यात टाकतो. तीही फुलासारखी तरंगेल असं त्याला वाटतं. हे दृश्य अमेरिकेतच अनेक प्रतींमधून कापलं गेलं होतं. ते असतं तर आनाला कळलं असतं की त्याला मारायचं नव्हतं. कात्रीने राक्षसाला खुनी केलं. आणि अख्ख्या सिनेमात त्या कापलेल्या जागेबद्दल विचारणारी ही एकटी पोर आहे.

इसाबेलला उत्तर माहीत नसतं. पण 'माहीत नाही' म्हणेल ती मोठी बहीण कसली! रात्री अंथरुणात ती ठोकून देते : कुणी मेलंबिलं नाही, सिनेमात सगळं खोटंच असतं, तो तर आत्मा आहे, डोळे मिटून नाव सांगितलंस की येतो. आना विश्वास ठेवते. पुढे गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात तिला एक जखमी फरारी सापडतो. ती त्याला सफरचंद देते, बापाचा कोट देते. कोटात बापाचं घड्याळ असतं. एका रात्री अंधारात गोळ्यांचे लखलखाट दिसतात, बस्स. त्याचं प्रेत आणून ठेवतात ते सिनेमा दाखवलेल्या त्याच खोलीत, पडद्याखाली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर बाप ते घड्याळ उघडतो. त्याचं संगीत वाजतं. आना वर बघते आणि बापाला कळतं. कुणी एक शब्द बोलत नाही. चौघं एकाच टेबलाशी आहेत, पण कॅमेरा त्यांना एका चौकटीत येऊ देत नाही.

हे दृश्य मी माद्रिदमध्ये माझ्या घरमालकीणबाईंबरोबर पाहिलं. त्या सत्तरी ओलांडलेल्या. खरं सांगायचं तर प्रबंधासाठी मला 'साक्ष' हवी होती. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, तुमच्या घरी युद्धाबद्दल काय बोलायचे? त्या म्हणाल्या, "नादा." काही नाही. आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या. कार्मेन लाफोरेतची १९४५ची 'नादा' ही कादंबरी मी अभ्यासली होती, त्यामुळे तो शब्द ऐकून माझ्या डोक्यात लगेच एक परिच्छेद तयार झाला. मग नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. तेवढे दोन कप धुवायला इतका वेळ लागत नाही. मला माझीच लाज वाटली. तो परिच्छेद मी लिहिला नाही.

माझं पेपरातलं उत्तर इसाबेलच्या जातीचं होतं. मोकळ्या राहिलेल्या जागेत मी हुशारीने काहीतरी भरलं होतं. रूपक चुकीचं नाही. पण ते एकदा सापडलं की आपण विचारणं थांबवतो, आणि एरिसे तर आनाला शेवटपर्यंत थांबू देत नाही.

सिनेमाबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. लुइस क्वाद्रादोच्या छायाचित्रणातला तो मधाळ उजेड इतका देखणा आहे की १९४०च्या स्पेनमधली उपासमार त्यात जवळजवळ विरघळून जाते. या घरात मध आहे. बाहेरच्यांकडे काय होतं, हे फक्त त्या फरारी माणसाच्या सफरचंद खाण्यातून कळतं.

तुम्ही हा सिनेमा फोनवर बघणार असाल तर निदान खोलीत अंधार करा. आणि संपल्यावर 'शेवटाचा अर्थ' समजावणारा व्हिडिओ लगेच उघडू नका. तिथे इसाबेल बसलेली असते.