विसंगतीला अर्थ असतो काय?

'माळी अग्नीने झाडे शिंपतो' असे वाक्य फळ्यावर लिहिले, तर मुले खुदकन हसतात. कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागच्या जागी. व्याकरणाची काही तक्रार नाही. मग हसू कशाचे?

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त याचा उलगडा केला आहे. वाक्यार्थ लागण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही तीन हवीत. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' एवढेच म्हटले, तर शब्दांना एकमेकांची ओढ नाही. ही आकांक्षेची उणीव. एक शब्द आता व दुसरा प्रहराने उच्चारला, तर संनिधी नाही. अग्नीने शिंपण्यात योग्यता नाही. ते काम पाण्याचे. सबब हे वाक्य प्रमाण नव्हे.

हा निकाल मला मान्य आहे. पण त्यावरून असले वाक्य कळतच नाही असे कोणी म्हणेल, तर ते पटत नाही. कळले नसते तर मुले हसली कशी? मुळात नसलेल्या वस्तूचेही ज्ञान शब्द करून देतो, असे कुमारिलभट्ट सांगतो. आणि शब्दामागून येणाऱ्या, पण वस्तू नसलेल्या ज्ञानाला योगसूत्रांत 'विकल्प' असे नावच आहे.

साहित्याचे बिऱ्हाड नेमके येथे आहे. 'वैशाखाचे ऊन आग ओकते' असे आपण सहज म्हणतो. उन्हाला कुठले आले तोंड? वाच्यार्थ अडला की मन लक्ष्यार्थाकडे वळते. ज्ञानदेवांची कूटे याच वाटेने जातात: अशक्य ते सांगून ऐकणाऱ्याला थबकवायचे, आणि मग आत न्यायचे. ज्या विसंगतीतून कोठेच जाता येत नाही, ती नुसती उत्तर हरवलेली उखाणी.

तार्किकांचे एक उदाहरण मात्र मला सलते: 'वंध्यापुत्र'. सशाच्या शिंगाने ससा दुखावत नाही. या शब्दाने एक बाई दुखावते. शिवाय ही गोष्ट अशक्यही नाही. दत्तकाची चाल आपल्याकडे जुनीच. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तर अविवाहित आणि विधवा हिंदू स्त्रीलाही स्वतःच्या हक्काने, स्वतःसाठी मूल दत्तक घेता येऊ लागले. तार्किक म्हणेल, पुत्र म्हणजे पोटचा. पण हा अर्थ ठरविला कोणी? 'अशक्य' म्हणताना आपण पुष्कळदा आपल्याच कोशाची कुंपणे दाखवीत असतो.

पोथीत नसलेला तो मुलगा आज कुठल्याशा अंगणात आईच्या हातून आकाशकंदील घेऊन वर टांगीत असेल. त्याला शशशृंगाच्या पंक्तीस कोणी बसवू नये.