अपराध आणि अकुशल : ‘बेटर कॉल सॉल’मधील वकील

मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण वंदनेत नित्य ग्रहण करतो. परंतु ज्याचा व्यवसायच वाणीवर चालतो, त्याच्या जीवनात हे शील कसकसे भंगत जाते, याचा विचार क्वचितच होतो. ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५ ते २०२२) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा परामर्श आम्ही याच दृष्टीने घेत आहोत. व्हिन्स गिलिगन व पीटर गूल्ड यांच्या ६३ भागांच्या या मालिकेत न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरातला जिमी मॅकगिल हा सामान्य वकील (भूमिका : बॉब ओडनकर्क) क्रमाने गुन्हेगारांचा हस्तक ‘सॉल गुडमन’ बनतो. गुन्हेकथा म्हणून ती गाजली. आमच्या मते ती चेतनेची कथा आहे.

जिमीचा थोरला भाऊ चक हा ख्यातनाम वकील. तारुण्यात ठकबाजी केलेला जिमी पुढे चकच्याच कार्यालयात टपाल वाटता वाटता कायद्याची पदवी मिळवितो. परंतु चक त्याला तेथे वकील म्हणून पाय ठेवू देत नाही. माणूस बदलत नाही, अशी त्याची धारणा आहे. ही धारणा आपल्या वाचकांना अपरिचित नाही. माणसाची योग्यता जन्मतःच ठरलेली असते, याच सिद्धांतावर जातिव्यवस्था उभी राहिली आणि वासेट्ठ सुत्तात तथागतांनी जन्माऐवजी कर्माला प्रमाण मानून तो खोडून काढला. तेव्हा चकचे मत मिथ्यादृष्टी होय, यात संदेह नाही.

तथापि, चक चुकला म्हणून जिमीचे कर्म निर्दोष ठरत नाही. अनेक प्रेक्षक नेमके येथेच फसतात. अवहेलना सोसलेल्या माणसाला ते शीलातून सूट देऊन टाकतात. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे, पिढ्यान्पिढ्या अवहेलना सोसलेल्या लाखो लोकांना दीक्षा देताना त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. ही सूट त्यांनी कोणालाही दिली नाही.

जिमीचे पतन एका मोठ्या दुष्कृत्याने होत नाही. दुसऱ्या पर्वात तो चकच्या कागदपत्रांतील पत्त्याचा १२६१ हा आकडा १२१६ असा करतो. किम वेक्सलर या सहकारी स्त्रीच्या हातून गेलेले अशील तिला परत मिळावे, हा हेतू वरकरणी प्रेमाचा दिसतो. अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध पाण्याच्या भांड्याचा दृष्टांत देऊन राहुलाला सांगतात, की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याला कोणतेही पाप वर्ज्य राहत नाही. राहुलाला केलेला मुसावादविषयक हा उपदेश भिक्खू व उपासकांनी वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात नमूद केले, ते उगीच नव्हे. दोन अंकांची अदलाबदल करणारा हात पुढे कोठवर जातो, हे मालिका ज्या सावकाशीने दाखविते, ती तिची थोरवी होय.

त्याच सुत्तात दुष्कृत्य उघड करून पुढे संयम पाळण्याची आज्ञा आहे. मालिकेतही तीन कबुल्या येतात. पहिलीत, आयरीन या वृद्धेची तिच्या मैत्रिणींशी स्वतःच पाडलेली फूट मिटविण्यासाठी, ध्वनिक्षेपक चालू असल्याचे ठाऊक असूनही नसल्याचे भासवून तो आपले पाप बोलून दाखवितो. येथे सत्यालाही कपटाचे वाहन लागते. दुसरी २०१८ च्या चौथ्या पर्वाच्या शेवटी : स्थगित सनद परत मिळविण्यासाठी तो मृत भावाच्या आठवणीने मंडळासमोर अश्रू ढाळतो आणि सनद मिळताच त्याच मंडळाची थट्टा करतो. तिसरी २०२२ च्या अंतिम भागात, न्यायालयात. सरकारी वकिलांशी घासाघीस करून अवघ्या काही वर्षांवर आणलेली शिक्षा तो स्वतःच्या जबानीने ८६ वर्षांवर नेतो.

या जबानीतील एक क्षण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. चकच्या विमा कंपनीला त्याच्या आजाराची खबर जिमीने हेतुपुरस्सर पोहोचविली होती. पुढे चकने आत्महत्या केली. ही गोष्ट तो सांगू लागताच, हा काही गुन्हा नव्हे, असे त्याचाच वकील त्याला सुचवितो. जिमी मात्र तो गुन्हाच मानतो. कायद्याचा अपराध आणि धम्माचे अकुशल यांतील अंतर याहून स्पष्ट कोण दाखवील? कायदा कलम शोधतो, धम्म चेतना तपासतो. आयुष्यभर कलमांतील फटी शोधणारा हा माणूस येथे प्रथमच आपली चेतना तपासतो. हिरी आणि ओत्तप्प ही त्याच तपासणीची नावे आहेत.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. जिमीच्या लबाड्या इतक्या रंगतदार रीतीने रचल्या आहेत, की प्रेक्षक त्यांत आनंद मानू लागतो आणि आयरीनसारखी फसविलेली माणसे लवकरच विस्मरणात जातात. शिवाय अंतिम कबुलीच्या वेळी किम न्यायालयात उपस्थित आहे. तिच्या दृष्टीत पुन्हा मान मिळावा, ही इच्छा त्या चेतनेत मिसळलेली आहेच. पुढील संयमाची कसोटीही तुरुंगाच्या भिंतींआड फारशी लागत नाही. म्हणून आम्ही या कबुलीला मुक्ती म्हणणार नाही. ती आरंभ आहे.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज वकिली करीत आहेत. जिमीचे चातुर्य त्यांच्या ध्यानात सहज राहील. न्यायालयातील तो क्षणही त्यांच्या ध्यानात राहावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.