भाकितातली पळवाट

गेल्या गणपतीत माझा भाचा मुंबईहून कुडपणला आला होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बायका आत गेल्या, आणि ओटीवर माझ्याशेजारी बसत त्याने एकदम विचारले, "मामा, तुला काय वाटतं? बेलकर मरेल का रे?"

मी चपापलो. बेलकर आडनावाचे कोणी आमच्या नात्यागोत्यात नाही. महाड-पोलादपुराकडचे कोणी त्याच्या ओळखीचे असतील असे समजून मी आवाज खाली आणून विचारले, "कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?" भाचा हसून हसून आडवा झाला. हे बेलकर म्हणजे एका अमेरिकन चित्रकथेतले बुटबैंगण पात्र आहे, एवढे कळायला मला घटकाभर लागली. आणि ती चित्रकथा समजून घ्यायला गणपतीचे उरलेले दिवस. आमच्याकडे फोनला रेंज हवी असली की वरच्या टेकाडावर जावे लागते. भर भाद्रपदात एका छत्रीखाली मामा-भाचे टेकाडावर उभे राहून चित्रे पाहताहेत हे गावाने पाहिले, आणि त्यावर जे बोलायचे ते बोलूनही घेतले.

'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे त्या चित्रकथेचे नाव. रिच बर्ल्यू हा तिचा कर्ता. २००३ साली त्याने ती संगणकाच्या जाळ्यावर हप्त्याहप्त्याने द्यायला सुरुवात केली, आणि हप्त्यांची संख्या तेराशेच्या पुढे गेली. हप्त्याने कथा वाचण्याची सवय आपल्याला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यात क्रमशः दिली, तेव्हापासून मराठी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहात आला आहे. बर्ल्यूची चित्रे पाहून मला प्रथम हसू आले. आमच्या शाळेतली मुले वहीच्या मागल्या पानावर जशी काड्यांची माणसे काढतात, तशीच ही माणसे. पण दहाबारा हप्ते वाचले की काड्या दिसेनाशा होतात आणि माणसे दिसू लागतात. ही करामत साधी नव्हे.

सहा जणांची एक टोळी आहे आणि मरूनही हिंडता-फिरता राहिलेल्या एका दुष्ट मांत्रिकाशी तिचे वैर आहे. बेलकर या सहांतला एक. उंचीने गुडघाभर, हातांत दोन सुऱ्या, आणि माणूस मारणे हा त्याचा करमणुकीचा विषय. याच कथेत एका खोल दरीत एक सरडतोंड्या भविष्यवेत्ता राहतो. तो खोटे कधी सांगत नाही. पण शब्द असे निवडतो की ऐकणाऱ्याने समाधानाने मान डोलवावी आणि अर्थ भलताच निघावा. ड्यूरकॉन नावाच्या सरळ स्वभावाच्या पुरोहिताने त्याला विचारले की, मी माझ्या मुलखात परत कसा जाईन? मेल्यानंतर, असे उत्तर मिळाले. तो बापडा उलट खूश झाला. हाडे तरी आपल्या मातीत पडतील! पुढे एका रक्तपिपासू वेताळाने त्याचा जीव घेतला, त्याच्या देहात दुष्ट आत्मा शिरला, आणि तो देह आपल्या पायांनी चालत मायभूमीला गेला. भाकिताचा शब्द न् शब्द खरा ठरला.

बेलकरविषयीचे भाकीत २००८ सालच्या हप्त्यांतले आहे. हे वर्ष सरण्यापूर्वी तो शेवटचा श्वास घेईल, आणि हा शेवटचा म्हणजे कायमचा शेवटचा, असा त्याचा आशय. वाचकांचा सारा खल सुरू झाला तो येथून. भाच्याने बोटे मोडून मला पळवाटा सांगितल्या. श्वास थांबेल असे म्हटले आहे, मरेल असे कुठे म्हटले आहे? वेताळ श्वास घेत नाहीत. तेव्हा बेलकर वेताळ होऊन फिरत राहील. किंवा कोणी त्याचा दगड करून ठेवील. वर्ष म्हणजे तरी कोणाच्या पंचांगातले? त्या जगात पंचांगे काय एकच असतील? एखाद्या मुरब्बी वकिलाने खरेदीखत वाचावे तसे ते वाक्य वाचकांनी वाचले आहे. आणि कथेतले ते एक वर्ष, बाहेरच्या जगात पंधरा वर्षे उलटली तरी सरले नव्हते! भाचा शाळेत असताना हे भाकीत झाले. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत.

हा पळवाटांचा खेळ आपल्या परिचयाचा आहे. घरात नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, असे सगळे दरवाजे बंद करून घेणारा हिरण्यकशिपू आपण लहानपणापासून ऐकतो, आणि उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, नरसिंहाच्या मांडीवर ते सारे दरवाजे कसे उघडले हे ऐकताना टाळ्या पिटतो. शेक्सपिअरचा मॅकबेथ असाच. शिवराम महादेव परांजप्यांनी 'मानाजीराव' करून त्याला मराठी रंगभूमीवर आणले. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही, या आश्वासनावर तो विसंबला. आणि आईचे पोट फाडून काढलेला मनुष्य समोर उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी फट सापडल्याचा आपल्याला आनंद होतो, कारण त्या फटीतून मरणार असतो तो दुर्जन. पण ज्याला जगवायचे आहे त्याच्यासाठी फट शोधायची वेळ आली की खेळाचा रंग बदलतो. बेलकर सज्जन मुळीच नाही. तरीही वाचक त्याच्यासाठी पंधरा वर्षे फट शोधत राहिले, ही मला विचार करण्याजोगी गोष्ट वाटली.

आपल्याकडे अशी फट शोधून दाखवणारी एक बाई होऊन गेली आणि तिच्या नावाने ज्येष्ठी पौर्णिमेला गावोगाव वडाला सूत गुंडाळले जाते. सावित्रीची चतुराई आपण नेहमी वाखाणतो. सासऱ्याचे डोळे मागितले, राज्य मागितले, बापाला शंभर पुत्र मागितले आणि मग सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागून यमाला त्याच्याच शब्दांत अडकवले. मला मात्र या कथेत तो संवाद तितकासा मोठा वाटत नाही. मोठे वाटते ते त्याआधीचे वर्ष. सत्यवान एका वर्षाने मरणार, हे नारदाने लग्नापूर्वीच सांगितले होते. ते सावित्रीला ठाऊक आहे. सत्यवानाला ठाऊक नाही, आंधळ्या सासऱ्याला नाही, सासूलाही नाही. तिने ते वर्ष चुलीपुढे, पाणवठ्यावर, सरपण आणणाऱ्या नवऱ्याची वाट पाहात, दिवस मोजत काढले. तेव्हा यम भेटणार, तो वर देणार, हे तिला कोणी सांगितले नव्हते. व्यासांनी या वर्षावर फारच थोडे शब्द खर्च केले आहेत. माझ्यासारख्या कादंबरीकाराने त्यावर तीनशे पाने खर्च केली असती आणि ती व्यासांच्या त्या थोड्या शब्दांपुढे फिकी पडली असती, हा भाग वेगळा. शिवाय एक लक्षात घ्या: नारदाचे भाकीत खोटे ठरले नाही. ठरल्या दिवशी सत्यवान मेला. तो परत आला, ही पुढची गोष्ट. म्हणूनच बर्ल्यूच्या भविष्यवेत्त्याने 'कायमचा' हा शब्द घातला आहे. त्या कथेत मेलेली माणसे मंत्राने उठवता येतात. ती वाट त्या एका शब्दाने बंद झाली.

अशी वाट बंद करणे किती निष्ठुर असते, ते मला आमच्या गावातच कळले. श्रावणात येथे पोथी लागते. पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात वाचणाऱ्याचा आवाज बुडावा. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' हा १७१२ सालचा ग्रंथ. त्यातले मराठी आजही म्हाताऱ्यांना अर्थ न विचारता कळते. एका वर्षी वाचणाऱ्या बुवांनी पोथी मिटून मध्येच परीक्षिताची कथा सांगायला घेतली. शाप झाला आहे, सातव्या दिवशी तक्षक डसणार आहे, राजा एकखांबी महालात बसला आहे. आणि सापाचे विष उतरवणारा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाला वाचवायला निघाला आहे. वाटेत तक्षक त्याला गाठतो. तुझी विद्या दाखव म्हणून एक वड डसून जाळून टाकतो, आणि काश्यप त्या राखेतून तो वड पानांफांद्यांसकट पुन्हा उभा करतो. तेव्हा तक्षक विचारतो, तुला राजाकडून जे धन मिळणार ते मीच दिले तर? काश्यप धन घेतो आणि मागे फिरतो.

या ठिकाणी मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मेल्या, फिरलास कशाला?"

कोणी हसले नाही. काही वर्षांपूर्वी तिचा मुलगा भातलावणीत साप चावून गेला होता. पावसात, रात्री, डोलीतून त्याला खाली पोलादपूरच्या वाटेला लावले होते, आणि तो वाटेतच गेला होता. बुवा घोटाळले. मग सावरून म्हणाले, "आजी, त्यानं ध्यान लावून पाह्यलं. राजाचं आयुष्यच सरलं होतं." म्हातारी म्हणाली, "मग पैसं कशाला घेतलं?"

मी आजवर पुष्कळ समीक्षा वाचली आहे. मॅट्रिकवर शिक्षण थांबलेल्या माणसाला ती जितकी कळायची तितकीच कळली असेल. पण आदिपर्वातल्या या प्रसंगावर यापेक्षा नेमका प्रश्न मी वाचलेला नाही. कारण दोन्ही गोष्टी मूळ कथेत आहेत. काश्यपाने दिव्यदृष्टीने राजाचे आयुष्य संपल्याचे पाहिले आणि धनही घेतले. तो लोभाने फिरला की निरुपाय म्हणून फिरला, याचा निकाल व्यास देत नाहीत. त्यांनी पळवाट दाखवली, ती खरी आहे याचा पुरावा म्हणून आख्खा वड उठवून दाखवला, आणि मग ती आपल्या डोळ्यांदेखत बुजवली. एवढेच नव्हे, निर्जन रानातली ही बोलणी जनमेजयाच्या कानावर गेली कशी, अशी शंका कोणी काढील म्हणून त्यांनी वडावर एक लाकूडतोड्याही बसवून ठेवला आहे. तो झाडाबरोबर जळला, झाडाबरोबर उठला, आणि त्याने नगरात येऊन सांगितले. सातव्या दिवशी सूर्य मावळताना फळातून निघालेला किडा परीक्षिताने स्वतःच्या हाताने मानेवर ठेवला. ऋषीचा शब्द खरा होवो, असे म्हणून. पळवाट शोधणारा वाचक येथे एकटा पडतो. ज्याच्यासाठी तो धडपडतो आहे त्याने धडपड सोडून दिलेली असते.

पुन्हा बेलकराकडे येतो. भाच्याच्या पळवाटा ऐकून झाल्यावर मी त्याला म्हटले, त्या भाकितानंतर त्याने काय काय केले ते दाखव. मग टेकाडावर दोन संध्याकाळी गेल्या. आरंभी हा प्राणी निव्वळ हत्यारा आहे. त्याच भविष्यवेत्त्याला त्याने पूर्वी विचारले होते की, या अमुक पाच जणांपैकी कोणाचा तरी मृत्यू माझ्यामुळे होईल का? होईल, असे उत्तर होते आणि त्या पाच जणांत खुद्द भविष्यवेत्त्याचे नाव होते. पुढे भेट झाली तेव्हा भविष्यवेत्ता शब्दांची ओढाताण करून ते भाकीत आधीच कसे खरे झाले आहे हे समजावू लागला; बेलकराने ऐकून घेतले आणि त्यालाच भोसकले. पळवाटांवर याहून चोख टीका मला माहीत नाही! पण नंतर त्याला ज्वरात एक भास होतो. मेलेला एक धूर्त म्हातारा राजा येऊन शिकवतो की, चांगले वागता येत नसेल तर निदान सोंग कर. तो सोंग करू लागतो. आणि वाचता वाचता कधीतरी आपल्या ध्यानात येते की सोंग अंगवळणी पडले आहे. ड्यूरकॉनच्या देहात शिरलेला तो ड्यूरकॉन नव्हे, हे टोळीतल्या शहाण्यांना उमजत नाही. या मारेकऱ्याला उमजते, आणि त्याचे कोणी ऐकत नाही.

बर्ल्यूचे दोष मला दिसतात. कथा फार लांबली आहे. युद्धांची वर्णने काही ठिकाणी कंटाळा आणतात, आणि खेळाच्या नियमांवरचे विनोद भाच्याने समजावूनही मला कळले नाहीत. पण भाकीत करून झाल्यावर उरलेल्या दिवसांत त्याने पात्राला रिकामे बसवले नाही, याचे मोल मी जाणतो. ते मला साधले नव्हते.

माझ्या पहिल्या कादंबरीत एका मुलाची पत्रिका पाहून एक वृद्ध सांगतो की, हा एकविसावा शिमगा पाहणार नाही. दोनशे पाने मी त्या वाक्यावर चालवली. शेवटी मात्र माझा हात धजेना. मुलगा मला आवडू लागला होता. मी जन्मवेळच चुकीची लिहिली गेल्याचे एक जुने चिटोरे पेटीत सापडवले आणि त्याला पालखीखाली नाचवला. प्रकाशकाला शेवट पसंत पडला, घरच्यांना पडला. माझ्या शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीने पुस्तक परत देताना विचारले, "गुरुजी, मग आम्ही रडलो ते कशाला?" मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते आता आठवत नाही, यावरूनच त्याची किंमत कळावी. काश्यपाचे धन घेऊन मी राजालाही वाचवले होते, असे आता वाटते.

अनंत चतुर्दशीनंतर भाचा परत निघाला. पोलादपूरच्या स्थानकावर मुंबईची गाडी उशिरा होती. चहा घेता घेता मी त्याला म्हटले, माझ्या मते तुझा बेलकर मरेल आणि त्याने मरावे. तो पुन्हा श्वास, पंचांग, दगड असे काही सुरू करील म्हणून मी तयारीत होतो. त्याने तसे काही केले नाही. बेलकराने एक मांजर पाळले आहे; त्या मेलेल्या राजाचे ते मांजर, आता सदा याच्यासोबत असते. गाडी लागली, बॅग उचलता उचलता भाचा म्हणाला, "मरू दे रे मामा. पण मग मांजराला कोण घेईल?"