येणारा आणि वाट पाहणारे

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला की थोड्याच आठवड्यांत आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी एक निराळा काळ सुरू होतो. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळचा, तो त्याचा पहिला दिवस. इंग्रजीत या काळाला ‘ॲडव्हेंट’ असे नाव आहे. वसईकडचे मराठी कॅथलिक त्याला ‘आगमनकाळ’ म्हणतात. हा सणाचा काळ नव्हे, सणाच्या आधीचा काळ आहे. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात. मिस्सेतले ‘ग्लोरिया’ हे आनंदगीत या रविवारी गात नाहीत. कित्येक ठिकाणी हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या उभ्या करतात आणि दर रविवारी एक एक अधिक पेटवीत जातात. आपण दिवाळीत ओळीने पणत्या लावून अंधाराला एका रात्रीत हटवू पाहतो. येथे प्रकाशालाही रांगेत उभे राहावे लागते.

मी ख्रिस्ती नाही. हरिपाठ कानावर पडत वाढलेल्या घरातला, आणि धर्मापेक्षा ग्रंथांच्या वाटेनेच देवाकडे वळणारा मी एक साधा वाचक आहे. तरीही या आगमनकाळाविषयी मला दिवाळी अंकात लिहावेसे वाटते, कारण मराठी भाषेतला एक मोठा ग्रंथ या काळाच्या बाजूने वाचल्याखेरीज नीट कळत नाही, असे माझे मत होऊन बसले आहे. तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. आपण त्याचे कौतुक पुष्कळ केले आहे. पण ते बहुतेक एकाच कारणासाठी. एका इंग्रजाने मराठी भाषेची थोरवी गायिली, ही गोष्ट आपल्याला इतकी सुखावते की त्या चार ओव्या शाळेपासून ऐकून आपण ग्रंथ मिटून ठेवतो. परक्याने आपल्या आईचे रूप वाखाणले म्हणून त्याला घरात बोलावायचे आणि तो मूळ कशासाठी आला होता हे मात्र विचारायचे नाही, असा हा प्रकार आहे.

तो कशासाठी आला होता ते ग्रंथाच्या पहिल्या नावातच आहे. गोव्यातील सासष्टी भागात, रायतूरच्या जेझुइट विद्यालयात १६१६ साली हा ग्रंथ छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर पोर्तुगीज शीर्षक होते. त्याचा अर्थ असा की, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण. ‘येणे’ हा त्यातला मुख्य शब्द आहे. ॲडव्हेंट या शब्दाचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचाही अर्थ ‘येणे’ असाच आहे. आपण पुढे रूढ झालेले ‘क्रिस्तपुराण’ हेच नाव ध्यानात ठेवले आणि ‘येणे’ विसरलो.

आता ग्रंथाची मांडणी पाहा. त्याचे दोन भाग आहेत, पैलें पुराण आणि दुसरें पुराण. अध्यायाला कवीने ‘अवस्वरु’ म्हटले आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरु आहेत, दुसऱ्यात ५९. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. ज्याच्या नावाने हे पुराण ओळखले जाते त्या ख्रिस्ताचा जन्म दुसऱ्या पुराणात होतो. म्हणजे ९५ पैकी ३६ अध्याय संपले तरी नायक रंगभूमीवर आलेला नाही! त्या ३६ अध्यायांत जगाची उत्पत्ती आहे, आदाम आणि एवा यांचे पतन आहे, नोहाचा जलप्रलय आहे, आब्राहाम आहे, मोशे आहे, दावीद राजा आहे, देशोधडीला लागलेले लोक आणि त्यांना धीर देणारे प्रवक्ते आहेत. कथेच्या आटोपशीरपणाची आवड असलेल्या वाचकाला हा भाग पाल्हाळ वाटेल. मलाही पहिल्या वाचनात तो तसाच वाटला होता. परंतु आगमनकाळ मनात ठेवून वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा पाल्हाळ नव्हे, ही वाट आहे. पिढ्यांमागून पिढ्या वाट पाहतात, म्हाताऱ्या होतात, मरतात आणि आपली वाट मुलांच्या हाती देतात. श्रोत्यालाही कवी त्या वाटेवरून पायी चालवतो. त्याने ओवी निवडली हे म्हणूनच योग्य झाले. ओवीला घाई नाही. जात्यावर ती जशी दळणाबरोबर चालते तशी पुराणातही श्रवणाबरोबर चालते. रविवारी नि सणावारी देवळात थोडे थोडे वाचायचे, असा या ग्रंथाचा उपयोग होता. म्हणजे ज्या श्रोत्याने तो आरंभापासून ऐकला असेल, त्याला बाळाचा पाळणा हलेपर्यंत किती रविवार वाट पाहावी लागली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या रचनेत एक उणेपणही आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. वाट पाहणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. स्टीफन्स यांना तो ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्या पुराणात ते वारंवार कथेतून बाहेर येऊन शिक्षकाच्या आसनावर बसतात. श्रोता शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो, आणि जुन्या काळातील एखादी घटना पुढे येणाऱ्याची खूण कशी आहे ते उलगडून सांगतो. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने हे सोयीचे असेल, पण काव्याच्या दृष्टीने त्या त्या ठिकाणी काळोख वेळेआधीच फिटतो. दावीदाच्या किंवा प्रवक्त्यांच्या मनात जी अनिश्चितता असेल, ‘तो येईल ना?’ हा जो प्रश्न असेल, तो आपल्याला पुरता लागत नाही. विश्वासाला अर्थ येतो तो या प्रश्नामुळे. उत्तर आधीच खिशात असलेल्या माणसाला विश्वासाची गरज काय?

पण हाच प्रश्न दुसऱ्या एका दाराने ग्रंथात शिरलेला आहे, आणि तेथे तो फार तीव्र आहे. ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूत एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? हे सारे पुराण त्या मागणीचे उत्तर आहे. वाचकहो, या मागणीपाशी क्षणभर थांबा. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले. सासष्टीतील देवळे त्याच दशकात पाडली गेली. ग्रंथ गेले, कीर्तने गेली. माणसे बाटली किंवा परागंदा झाली. जी राहिली त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या पडल्या. त्या मोकळ्या संध्याकाळीतून हा प्रश्न आलेला आहे. आणि ज्यांना तो विचारला गेला ते स्टीफन्स कोण? इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांच्या मिस्सेवर बंदी होती. असा देश मागे टाकून १५७९ साली गोव्यास पोचलेले हे गृहस्थ. स्वतःची उपासना जेथे गुन्हा ठरली तेथून निघालेला माणूस, दुसऱ्यांच्या उपासनेला जेथे गुन्हा ठरवले होते तेथे येऊन पोचला, आणि तेथल्या राज्यकर्त्यांच्या बाजूला उभा राहिला. त्यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही इन्क्विझिशनच्या परवानगीचा शिक्का आहे.

यासाठी ग्रंथ टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. पण भाषाप्रेमाच्या चार ओव्यांखाली हा इतिहास झाकून ठेवणेही मला मानवत नाही. स्टीफन्स यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, त्यांनी तो प्रश्न झाकला नाही. ग्रंथाच्या दारातच त्याला बसवले. आणि उत्तर देताना त्यांनी त्या लोकांचेच छंद, त्यांचेच शब्द घेतले. ज्ञानेश्वरीच्या रीतीने आरंभी नमन केले. स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ब्राह्मणांच्या बोलीतले कोंकणी शब्द मिसळून भाषा सोपी केली. बंदी घातलेल्या पुराणांचा आवाज बंदी घालणाऱ्यांच्याच देवळात पुन्हा घुमू लागला. कवी तारणाऱ्याची वाट पाहायला सांगत होता. श्रोते कदाचित आपल्या हरवलेल्या आवाजाचीही वाट पाहत असतील. दोघांची भेट ओवीत झाली. या ग्रंथाचे खरे मोल मला येथे दिसते.

पुढे ग्रंथालाच वाट पाहावी लागली. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषाच तीन वर्षांत सोडून द्यावी असा हुकूम काढला. तरी हातांनी नकलून घेतलेल्या पोथ्या उरल्या, कानडी मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर गेल्या आणि तेथे वाचल्या गेल्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीत ग्रंथ छापला. १६५४ पासून मोजले तर ही २५३ वर्षे होतात. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कोठे सर्वसाधारण मराठी वाचकाच्या हाती तो आला. वाट पाहण्याविषयीच्या ग्रंथाला असे भाग्य लाभावे हे सुसंगतच म्हणायचे.

स्टीफन्स यांच्या ग्रंथात न सापडलेली अनिश्चितता मला सापडली ती तीनशे वर्षांनंतरच्या एका गद्य पुस्तकात, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त. त्या पुस्तकाला आगमनकाळाचे पुस्तक असे कोणी म्हटलेले नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही ते तशा हेतूने लिहिलेले नाही. पण १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी तो घेतला, यांमधली जी पाच वर्षे, त्यांचे वर्णन वाचताना वाट पाहणे म्हणजे काय ते अंगावर येते. नवरा जिवंत आहे आणि नाही. सवाष्ण आहे आणि समाज तिला काय म्हणावे ते जाणत नाही. पदरी लहान मूल आहे. काही दिवस त्या पंढरपुरातही राहिल्या. आणि या सगळ्यात त्या हसतात, स्वतःला हसतात. शेवट माहीत असल्याचा आव कोठेही नाही. नवऱ्याकडे परत गेल्यावरही त्यांनी विश्वास उसना घेतला नाही. सोवळे सांभाळले, चूल वेगळी ठेवली. जातीचा गुंता त्यांच्या मनाशी सुटला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या स्वतःच्या वेळेला. टिळकांच्या मोठेपणाचा भागही यात आहे, की त्यांनाही थांबणे भाग पडले. आणि नंतर टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. छापून झालेले पाहायला त्या उरल्या नाहीत. १९३६ साली त्या गेल्या.

पंढरपूरचा उल्लेख मी मुद्दाम केला. ख्रिस्ती आगमनकाळात माणूस देवाची वाट पाहतो. पंढरपुरात नेमके उलटे आहे. तेथे पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू असताना देवालाच विटेवर थांबायला सांगितले आणि देव अजून थांबलेला आहे. आपल्या भक्तीत वाट पाहण्याचे काम देवाकडे आहे. टिळक मात्र या दोन्ही घरांचे होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त कधी येणारा असतो, कधी दारात आधीच येऊन ताटकळलेला. मला वाटते, मराठी ख्रिस्ती साहित्याने जगाच्या आगमनकाळाला जर काही आपले असे दिले असेल तर ते हे: तिष्ठणारा देव. युरोपातल्या भक्तालाही ही कल्पना अपरिचित नाही, पण आपल्याकडे ती विटेइतकी घट्ट आहे.

नाताळच्या निमित्ताने जे लेख मराठीत दरवर्षी लिहिले जातात ते थेट गोठ्याशी, चांदणीशी, मेंढपाळांशी जाऊन पोचतात. ते गोड असतात, पण त्यांत चार रविवार नसतात. वाट न पाहता मिळालेल्या आनंदाला चव कमीच. घरात फराळाच्या डब्याला हात लावू न देणाऱ्या आजीला हे ठाऊक असते. लेखकांना ते ठाऊक असावे अशी अपेक्षा करणे गैर नाही.

म्हणून एक सुचवतो. यंदा दिवाळीनंतरच्या निवांत संध्याकाळी क्रिस्तपुराणाचे पैलें पुराण मिळवा आणि त्यातला एखादा अवस्वरु घरात मोठ्याने वाचा. सगळे शब्द कळणार नाहीत, लय कळेल. देव येतो की आपण, थांबतो तो की आपण, याचा निकाल लावण्याची घाई करू नका. एवढेच लक्षात ठेवा की, या ओव्या ज्यांच्यासाठी रचल्या गेल्या त्यांनी आधी आपली पुराणे गमावली होती, आणि तरीही पुन्हा ऐकायला ते बसले होते.