चौफुल्यावरील लावणी

लोककलांविषयीं लिहितांना आमच्या विद्वानांस दोनच सूर ठाऊक असतात. एक, परंपरा बुडाली म्हणून गळा काढण्याचा; दुसरा, काळाबरोबर सर्व बदलावयाचेंच म्हणून हात झटकण्याचा. दोन्ही सूर सारखेच सोपे आहेत. त्यांची पारख करावयाची असेल तर शिरूर व दौंड या दोन तालुक्यांकडे पाहावें. शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेस उतरणारा रस्ता केडगांवाजवळ पुणें-सोलापूर हमरस्त्यास जेथें मिळतो, तें दौंड तालुक्यांतील चौफुला. येथील संगीतबारीचें नांव दूरवर गाजलेलें आहे.

संगीतबारी व ढोलकीफडाचा तमाशा हीं एकाच कुळांतील भावंडें. फड गांवोगांवच्या जत्रांतून तंबू ठोकीत हिंडतो; त्यांत गण, गौळण, बतावणी आणि शेवटीं वग असतो. बारींत वग नाहीं. तेथें कलावतिणींच्या निरनिराळ्या पार्ट्या एकाच थिएटरांत मुक्काम करितात, आणि मंचावर व खाजगी बैठकींत, ढोलकी, तबला व पेटी यांच्या साथीवर, रसिकाच्या फर्माइशीप्रमाणें लावणी सादर करितात.

आतां तक्रार अशी कीं, फर्माइशी चित्रपटांतील गाण्यांच्याच होतात, आणि ढोलकीशेजारीं विजेवर चालणारीं वाद्यें येऊन बसलीं आहेत. तेव्हां अस्सल लावणी संपली. तक्रारींत तथ्य आहे. पण रोगाचें ठिकाण चुकलें आहे. पेटीचेंच पाहा. हें वाद्य एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून आलें. १९४० सालीं रेडिओनें त्यास दार बंद केलें, तें कित्येक वर्षें उघडलें नाहीं. आज त्याच पेटीवांचून बारीची परंपरा आमच्या डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं! चित्रपटांचीही गोष्ट निराळी नाहीं. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) व ‘पिंजरा’ (१९७२) यांचे संगीतकार वसंत पवार व राम कदम यांनीं लावणीचा ठेका घेतला तो तमाशाच्याच अंगणांतून. तीं गाणीं बारींत परत येतात, तीं माहेरीं आलेल्या लेकीसारखीं.

दूरच्या अमेरिकेंतही हाच वाद चालतो. तेथील केंटकी प्रांताच्या बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदावरून ‘ब्लूग्रास’ हें नांव पडलेलें संगीत आज जुनें व पवित्र मानिलें जातें. वस्तुतः तें विसाव्या शतकाच्या मध्याचें. स्कॉटलंड-आयर्लंडकडील सारंगीच्या चाली, देवळांतील भजनें व काळ्या लोकांचें गाणें यांच्या मिश्रणांतून तें घडलें, आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज यांचें तीन बोटांचें बॅंजोवादन त्यांत आल्यावर त्यास आजचें रूप लाभलें. तात्पर्य, जिला आपण परंपरा म्हणतों ती पुष्कळदां कालची नवलाईच असते.

मग लावणींत जपावयाचें तें काय? आमच्या मतें तिची अदा. बैठकीच्या लावणींत कलावतीण एकच ओळ पुनःपुन्हा घेते, आणि दर वेळीं डोळ्यांनीं, हातांनीं, स्वराच्या नुसत्या हेलकाव्यानें तिचा नवा अर्थ उलगडून दाखविते. वाईच्या यमुनाबाई (१९१५–२०१८) या विद्येच्या थोर उपासक. त्यांना २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. या विद्येस दुसरें कांहीं नको, निवांतपणा हवा. ध्रुपद संपतें न संपतें तोंच रसिकानें नवी फर्माइश टाकली, तर अदेला जागा कोठें उरते? आणि जें कोणी मागत नाहीं, तें शिकण्यांत बारींतल्या मुलीनें वर्षें कां घालवावीं? तिला त्यावर घर चालवावयाचें असतें. येथें खरा घात आहे, आणि तो यंत्राचा नसून ऐकणाराच्या उतावीळपणाचा आहे.

बदल पचवून परंपरा कशी जगते याचा दाखला शिरूर तालुक्यांतच आहे. कवठे येमाई येथील बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनीं आयुष्यभर तमाशाच्या फडांसाठीं वग व गीतें लिहिलीं. घाट जुना, बोली गांवची, विषय मात्र हुंडा, व्यसन अशा आजच्या दुःखांचे. गण-गौळणीच्या पंक्तींत नवा विषय बसला. तो उपरा वाटला नाहीं, कारण त्यांना जुन्या घाटाची नाडी ठाऊक होती.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून लावणी ध्वनिमुद्रिकेवर ऐकावी, पण ती गाणारीचें नांव घेऊं नये, अशी चाल होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशाच्या सुधारणेसाठीं समितीही नेमली. बारीचे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. दौलतजादाच्या नादांत गाण्याची व गाणारीची अवहेलना होते, हें उघड आहे. पण सभ्य माणसें उठून गेल्यानें बैठक सभ्य होत नाहीं. जाणता श्रोता नाहींसा झाला, कीं उरते ती गर्दी. तेव्हां परंपरेच्या नांवानें पेटी किंवा विजेचीं वाद्यें मोजीत बसण्यापेक्षां, एखादी जुनी लावणी मागून ती शेवटच्या अंतऱ्यापर्यंत स्वस्थ ऐकून घेणारे श्रोते चौफुल्यास मिळोत. अदा टिकावयाची असेल तर ती त्यांच्याच बळावर टिकेल.