सोवळ्यातला शृंगार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आमच्या जिल्ह्यातल्या पैठणची मान आणखी थोडी ताठ झाली. रंगनाथ पठारे यांच्या समितीने मराठीच्या प्राचीनत्वाचे जे पुरावे मांडले, त्यांत हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’ला मोठा मान होता. तेव्हापासून आमच्या संभाजीनगरच्या सभासंमेलनांत हा ग्रंथ वरचेवर निघतो. निघतो म्हणजे त्याचे नाव निघते. वक्ते ‘दोन हजार वर्षांची आमची भाषा’ म्हणून टाळ्या घेतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. त्यांतली एखादी गाथा अर्थासह सांगा, असे कोणी म्हटलेच, तर समोरच्या रांगेतल्या लेकीसुनांकडे पाहून ते पाण्याचा पेला उचलतील अशी माझी खात्री आहे.

कारण या सातशे गाथांत आहे तरी काय? लढाया नाहीत, राजांच्या वंशावळी नाहीत. गोदाकाठची गावे आहेत, शेते आहेत, नांगर धरणारा कुणबी आहे, पाटलाची लेक आहे, रात्रीपुरता उतरलेला वाटसरू आहे, दिराच्या नजरेने अवघडलेली भावजय आहे. आणि बहुतेक ठिकाणी प्रेम आहे, लग्नातले तसेच लग्नाबाहेरचेही. शेतातले उभे पीक कापले जाते तेव्हा एका बाईचे डोळे भरून येतात, ते भेटीची जागा गेली म्हणून. यात हालाने काही झाकून ठेवलेले नाही. पहिल्या गाथेत शिवपार्वतीला वंदन झाले, की लगेच दुसरी गाथा विचारते: हे अमृतासारखे प्राकृत काव्य ज्यांना वाचता येत नाही, ऐकता येत नाही, त्यांना कामाच्या गोष्टींची चर्चा करताना लाज कशी वाटत नाही? आपल्याकडे बोलणाऱ्याने लाजावे असा रिवाज. पैठणच्या राजाच्या लेखी लाजायचे ते अडाण्याने.

यांतल्या दोन गाथा तर काश्मिरात जाऊन मोठ्या झाल्या. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला, तेव्हा अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याने त्या घेतल्या. एकीत बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की बाबा, आता खुशाल हिंड, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारले. शब्द ‘ये’ असे म्हणतात. अर्थ ‘इकडे फिरकू नकोस’ असा, कारण ती झाडी तिच्या भेटीची जागा. दुसरीत वाटसरूला बजावणे आहे: सासू इथे निजते, मी इथे; दिवसाउजेडीच पाहून ठेव, रात्री धडपडून आमच्या अंगावर पडशील. इथे शब्द ‘नको’ म्हणतात आणि अर्थ मात्र ‘ये’. संस्कृत काव्यशास्त्राच्या एका थोर विचाराची पायाभरणी एका व्यभिचारिणीच्या चतुर बोलण्यावर व्हावी, ही मौज आपल्या पाठ्यपुस्तकांनी चाखू दिली नाही.

वास्तविक ही ध्वनीची भाषा आपल्या घरांत रोज चालते. नवऱ्याचे नाव एरवी न घेणारी नवी सून उखाण्यात ते साऱ्या पंगतीसमोर घेते. जुन्या घरांत मुलीला पहिले न्हाण आले की मखर सजे, आळीतल्या बायका गाणी म्हणत. डोहाळजेवणात गर्भारशीला फुलांनी मढवून झोपाळ्यावर बसवतात. ही शुभ अवस्था कशाने आली एवढे मात्र कोणी विचारायचे नाही. शिमग्याच्या दिवसांत गावाच्या तोंडाला धरबंध नसे. पैठणला नाथषष्ठीला लाखोंचा मेळा भरतो. त्याच नाथांच्या गौळणींत मुरली ऐकून घरदार विसरणाऱ्या बायका आहेत, आणि त्या गौळणी सासू नि सून शेजारी बसून टाळ्या वाजवीत म्हणतात. तिथे कोणाची मान खाली जात नाही, जायचे कारणही नाही.

दगडात आणि रंगात तर आमचा प्रांत अधिकच मोकळा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या दारावर वरच्या पट्टीत आठ बुद्ध ओळीने बसले आहेत आणि त्यांच्या खाली आठ प्रेमी युगुले. वैराग्य नि अनुराग एकाच चौकटीत, मध्ये पडदा नाही. शाळेच्या सहलीत आमच्या गुरुजींनी वरची ओळ बोट दाखवून मोजून घेतली. खालच्या ओळीपाशी त्यांना एकाएकी घाई झाली. पण पोरांचे डोळे घाईत नसतात.

तेव्हा शृंगाराला इथे बंदी आहे असे म्हणता येत नाही. त्याला सोवळे नेसवावे लागते एवढेच. देवाचे नाव, लेण्याचा दगड, सणाचा दिवस किंवा दोन हजार वर्षांचे वय, यांपैकी काही अंगावर असले की तो देवघरापर्यंत येऊ शकतो. गाथेतली बाई उघड्या अंगणात उभी आहे. तिचा कान्हा देव नाही, शेजारच्या वाड्यातला माणूस आहे. ती ‘मला हवे’ असे आपल्या तोंडाने म्हणते, म्हणून ग्रंथाचा गौरव करून त्याला कपाटात ठेवणे आपल्याला सोयीचे पडते.

मात्र तिला आजच्या मुक्त स्त्रीचा अवतार ठरवण्याची जी नवी टूम आहे, तीही मला पटत नाही. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही कवयित्रींची नावे परंपरेने राखली आहेत. बाकीचे बहुतेक कवी पुरुष. बाईच्या तोंडी घातलेले चातुर्य पुष्कळदा पुरुषाच्या मनोराज्यातले असते. सवतींनी एकमेकींचा हेवा करावा आणि नवऱ्याने ऐटीत असावे, हे चित्र गाथेतही आहेच. गरिबाघरच्या बायकोचा मानीपणा सांगणाऱ्या गाथा मला चोरट्या भेटींच्या गाथांहून वरच्या वाटतात.

दिवाळी अंकाच्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. १९६२ सालच्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडले. घराघरांत फराळाच्या ताटाशेजारी पडणारा अंक असा न्यायासनापर्यंत गेला. श्यामेला ना देवाचे नाव होते, ना दगडाचे वय.

आता कोणी म्हणेल, हा वाङ्मयाचा वाद, त्याने कोणाचे काय बिघडते? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते; आमच्या मराठवाड्यातल्या बीड आणि परभणीत हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. ज्या विषयाचा शब्द मुलीच्या कानावर पडू नये म्हणून घर जपते, त्याच विषयाच्या स्वाधीन तिला ते घर वाजतगाजत करून येते. तिला काय हवे, काय नको, हे सांगायची भाषा आपण तिला दिलेली नसते. आणि तिने ध्वनीने सुचवावे, तर सासरी आनंदवर्धन थोडाच बसलेला असतो!

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथासप्तशती मोठ्या प्रस्तावनेसह मराठीत आणली. ती प्रत ग्रंथालयातून मिळवून पाहावी. कुत्र्याची आणि सासूच्या बिछान्याची गाथा आधी शोधावी आणि घरातल्या मोठ्या मुलीला अर्थ लावायला सांगावे. बहुधा तिला तो आपल्याआधी लागेल.